मिग-२१ च्या पाठीवरची रेघ: पातळ पुट्टीचं एक प्रकरण

मिग-२१ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलला चंदेरी रंग दिल्यानंतर तेराव्या दिवशी, सकाळचं तिरपं ऊन टेबलावर आलं तेव्हा ती रेघ दिसली. कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाच्या, मागून शेपटीच्या मुळापर्यंत, केसाएवढी बारीक आणि पट्टीने ओढल्यासारखी सरळ. दोनदा पुट्टी भरून, दोनदा घासून, नख फिरवून खात्री करून मग रंगवलेला सांधा होता तो. रंग दिला त्या दिवशी तिथे काहीही नव्हतं. म्हणजे सांधा बुजवायचा राहिला नव्हता, बुजवलेला परत वर आला होता. या दोन दुखण्यांची कारणं वेगळी असतात आणि उपायही. ते कळायला मला अडीच महिने लागले.

मॉडेल होतं १/७२ प्रमाणातलं मिग-२१ एफएल. याच विमानाच्या बांधणीसाठी १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला. सांगाडा इथे नाशिकला, इंजिनं कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी विभागणी होती. माझे मामा १९७० मध्ये ओझरला लागले आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सांगाड्याच्या जोडणीत काढली. एफएल हा प्रकार हवाई दलातून डिसेंबर २०१३ मध्येच गेला होता. शेवटच्या मिग-२१ ना २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला गेला, तो सोहळा आम्ही दोघांनी टीव्हीवर शेजारी बसून पाहिला. त्याच आठवड्यात मी कपाटावरचं किट खाली काढलं. मामांना द्यायचं होतं, त्यामुळे रंग ठरलेलाच होता: सुरुवातीची विमानं जशी उडत तशी उघड्या धातूची चंदेरी.

अडचण तिथूनच सुरू झाली. हिरव्या-करड्या रंगाखाली बरंच काही खपतं, चंदेरीखाली खपत नाही. मेटॅलिक रंगातले कण पृष्ठभागावर चपटे बसतात आणि आरशासारखे वागतात. त्याखाली जरा उंचसखल असलं की उजेड तिथे वेगळ्या दिशेने परततो आणि डोळा नेमका तिथेच अडकतो. शिवाय प्रमाणाचा हिशेब करून बघा. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम १० सेंटिमीटर. या मॉडेलवर ०.२ मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानावर ती १४ मिलिमीटरहून मोठी होते. बोट जाईल एवढी. अशा फटीचं विमान कुणी धावपट्टीवर आणणार नाही.

किट जुन्या साच्यातलं. धडाची उजवी-डावी अर्धुकं कोरडी जुळवून पाहिली तेव्हाच पाठीवर तीन वेगवेगळ्या अवस्था दिसत होत्या. पुढे कॅनॉपीमागे एक बाजू दुसऱ्यापेक्षा किंचित उंच, मधल्या दीड सेंटिमीटरमध्ये सरळ फट, आणि मागे शेपटीकडे जोड उत्तम. मी तिन्हींवर एकच औषध वापरलं, ही पहिली चूक.

पहिली फेरी: ट्यूबमधून थेट

माझ्याकडची पुट्टी तामिया कंपनीची करडी, ३२ ग्रॅमची ट्यूब. ही लॅकर जातीची पुट्टी. तिच्यात बारीक भुकटी, ती धरून ठेवणारं रेझिन आणि ते सगळं ओलं ठेवणारा द्रावक असतो. ती कडक होते ती द्रावक उडून गेल्यामुळे. दोन भाग कालवलेल्या एपॉक्सीसारखी रासायनिक क्रिया होऊन नाही. रंगारी लोक लाकडाच्या भेगांत लांबी भरतात तशी मी ती सुरीच्या पात्याने दाबून भरली, वर थोडी जास्तच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) घासली.

हाताला गुळगुळीत लागलं. प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, हलका हात दिला तर मधल्या भागात टाचणीच्या टोकाएवढी पाच-सहा छिद्रं आणि त्यांना जोडणारी एक खाच. भिंगाखाली पाहिल्यावर उलगडा झाला. ट्यूबमधली पुट्टी एवढ्या अरुंद फटीत उतरतच नाही. ती वर पूल बांधते, खाली हवा अडकते. घासताना पुलाची पाठ पातळ झाली की पोकळी उघडी पडते.

त्या संध्याकाळी परतीचा पाऊस होता आणि प्रायमरवर पांढुरकी झाक आली होती. लॅकर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंग दुधाळ दिसतो. मी ती झाक पुट्टीचा दोष समजलो आणि गरज नव्हती तिथेही आणखी घासलं. पावसात लॅकर फवारू नका, एवढंच त्याबद्दल.

दुसरी फेरी: दुधासारखी पातळ

पुट्टी फटीत जात नसेल तर ती पातळ करा, हा सल्ला बरोबरच आहे. पातळ पुट्टी ब्रशने सांध्यावर टेकवली की केशाकर्षणाने आपोआप आत ओढली जाते, हवा बाहेर पडते आणि छिद्रं राहत नाहीत. माझं चुकलं ते दोन ठिकाणी: किती पातळ करायची आणि कशाने.

कशाने, ते आधी सांगतो. रंगाच्या दुकानात सुटं मिळणारं एनसी थिनर मी वापरलं. गाड्यांना पुट्टी लावणारे कारागीर हेच वापरतात, पण त्यांच्या पुट्टीखाली पत्रा असतो, माझ्या पुट्टीखाली पॉलिस्टायरिन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिक होतं. एनसी थिनर हे एक मिश्रण आहे. त्यात टोल्युइन, ॲसिटोन किंवा त्याच्या जातीचे द्रावक असतात आणि त्यांचं प्रमाण दुकानागणिक, डब्यागणिक बदलतं. टोल्युइन आणि ॲसिटोन दोन्ही पॉलिस्टायरिनला मऊ करतात. म्हणजे मी फट भरत होतो आणि त्याच वेळी तिच्या भिंती विरघळवत होतो.

किती, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा ट्यूबमधल्या पुट्टीचा एक तृतीयांश भाग द्रावक आहे. फट काठोकाठ भरली तर वाळल्यावर दोन तृतीयांश भरलेली राहील. आता त्याच पुट्टीत तेवढंच थिनर घाला. आकारमान दुप्पट झालं, पण टिकणारा ऐवज होता तेवढाच, त्यामुळे वाळल्यावर फट जेमतेम एक तृतीयांश भरलेली राहते. दुधासारखी केली तर त्याहूनही कमी. पातळपणामुळे पुट्टी आत पोहोचते आणि त्याच पातळपणामुळे आत बसत जाते. दोन्ही एकाच गुणाचे परिणाम आहेत, त्यातला एकच घेता येत नाही.

मी ब्रश भरभरून पुट्टी सोडली. दोन दिवसांनी खळगा दिसला म्हणून वर पुन्हा तीच सोडली. आणखी दोन दिवसांनी घासली, ८०० आणि मग १२०० नंबरने. प्रायमरखाली स्वच्छ दिसलं. दिवाळीच्या सुट्टीत काळा तुकतुकीत थर आणि त्यावर चंदेरी दिला. पुढचं वर सांगितलंच आहे.

त्या तेरा दिवसांत आत काय चाललं होतं? मऊ झालेलं प्लॅस्टिक द्रावक सहज सोडत नाही. पुट्टीची वरची साय वाळते, पण खालचा थर आणि भिंतींचं प्लॅस्टिक आठवडेच्या आठवडे श्वास सोडत राहतं. मी घासलं तेव्हा ते फुगलेलं होतं आणि फुगलेल्या अवस्थेतच मी ते सपाट केलं. नंतर द्रावक निघून गेला, जागा आक्रसली आणि सपाट केलेलं आत बसलं. वरचा रंगाचा थर तिच्याबरोबर खाली गेला. परतलेल्या रेघेचं रहस्य इतकंच आहे. घासायला बसलो त्या दिवशी तिथे दोष नव्हताच, तो अजून व्हायचा होता.

टाकीवरची चाचणी

पुन्हा हात घालण्याआधी मी किटमधल्या न लागणाऱ्या इंधन टाकीच्या अर्धुकावर, एकाच सुरीने, एकाच दाबाने चार चरे पाडले. एकात ट्यूबमधली पुट्टी तशीच. दुसऱ्यात किंचित सैल केलेली, एकाच वेळी काठोकाठ. तिसऱ्यात तीच सैल पुट्टी, पण तीन पातळ हातांत, प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबून. चौथ्यात दुधासारखी, एकदाच. यावेळी पातळ केलेल्या तिन्ही ठिकाणी थिनर मॉडेलच्या लॅकर रंगांसोबत मिळतं ते घेतलं, सुटं नाही. चारही चरे शेवटच्या हातानंतर दोन दिवसांनी सपाट घासले आणि पुढचे दहा दिवस रोज बॅटरी आडवी धरून पाहिले.

पहिल्यात छिद्रं, अपेक्षेप्रमाणे. दुसरा चौथ्या दिवशी हलकासा बसला. चौथा दुसऱ्याच दिवशी बसायला लागला आणि दहाव्या दिवसापर्यंत बसतच होता. नखाचं टोक त्यात अडकायचं. तिसरा जसा घासला तसाच राहिला. प्रत्येक पातळ हातातून द्रावकाला वर यायला वाट मिळाली, आणि आधीच्या हाताने केलेला खळगा पुढच्या हाताने भरला. फरक पुट्टीत नव्हता, मधल्या दिवसांत होता.

पर्यायही पाहिले. सुपरग्लू आक्रसत नाही, पण तासाभरात घासला नाही तर प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो. पाठीवरून आडव्या पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा जातात; त्या पुन्हा कोरताना सुई सुपरग्लूवरून घसरते आणि बाजूच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये घुसते. म्हणून तो नाही. स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लागून येतात तिचे) तुकडे लिक्विड सिमेंटमध्ये, म्हणजे मॉडेलच्या पातळ गोंदात विरघळवून केलेली लापशी जातीने प्लॅस्टिकच असते, ही तिची मोठी जमेची बाजू. पण ती वाळायला आठवडे घेते आणि माझं दुखणं नेमकं तेच होतं. पाण्यात मिसळणारी ॲक्रिलिक पुट्टी प्लॅस्टिकला अजिबात चावत नाही. घासताना मात्र तिच्या कडा भुगा होऊन सुटतात आणि तिच्यावर रेघ कोरता येत नाही. तिची जागा दुसरीकडे आहे, ती पुढे येईल.

मामांचं नख

नोव्हेंबरच्या मध्यावर मामा घरी आले. भेट गुपित ठेवायची होती, पण मॉडेल टेबलावरच होतं. त्यांनी ते उजेडात धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याचं नख पाठीवरून सावकाश पुढे-मागे फिरवलं.

"ही रेघ कुठली रे? पाठीवर मधोमध असला सांधा नसतो."

"तीच बुजवतोय, मामा. दोनदा भरली, परत वर आली."

"बरं." मग नख धडाच्या मागच्या भागात गेलं आणि तिथे थांबलं. "आणि इथली का बुजवलीस? ही खरी आहे. इथून शेपूट अख्खी सुटते. इंजिन काढायचं म्हणजे मागचा भाग ट्रॉलीवर घेऊन मागे ओढायचा. ही रेघ नसेल तर इंजिन बाहेर येणार कसं?"

धडाभोवती फिरणारी ती खोल वर्तुळाकार खाच माझ्या दुसऱ्या फेरीत निम्मी बुजली होती. पातळ पुट्टी केशाकर्षणाने हव्या त्या सांध्यात जाते तशी नको त्या खाचेतही जाते. सांध्याला आडवी जाणारी प्रत्येक पॅनल लाइन तिच्यासाठी पन्हळ असते. वर मऊ झालेल्या प्लॅस्टिकवर घासल्याने उरलेल्या खाचेच्या कडाही गोल झाल्या होत्या. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण मी फक्त फट बघत होतो.

मामांनी मग कागद मागून घेतला आणि विमानाचं पाठीकडून चित्र काढलं. कुठले सांधे कारखान्यातले आणि कुठले साच्यातले, ते दोन रंगांच्या पेनांनी दाखवलं. पाठीवरच्या लांबट आवरणाखाली नळ्या, तारा आणि नियंत्रणाच्या दांड्या जातात. त्यावर उघडणारी झाकणं असतात, त्यांच्या आडव्या रेघा खऱ्या. पंख धडाला मिळतो तिथलीही खरी. मधोमध लांबीत जाणारी मात्र फक्त साच्याची. तो कागद आता टेबलासमोर भिंतीला लावलेला आहे, आणि माझ्या मते पुट्टीची ट्यूब उघडण्याआधी असा एक कागद हवाच. पुट्टी किती पातळ, हा प्रश्न त्यानंतरचा.

तिसरी फेरी

आधी खोदकाम. सुरीच्या टोकाने मधल्या भागातली सगळी जुनी पुट्टी खरवडून काढली, खालचं चिकटसर झालेलं प्लॅस्टिकही गेलं. फट आता आधीपेक्षा रुंद, जवळपास पाव मिलिमीटर. ती उघडी ठेवून मॉडेल दहा दिवस कपाटात ठेवलं. हात शिवशिवत होते, पण हे दहा दिवस या फेरीतलं सर्वांत महत्त्वाचं काम होतं.

मग एवढ्या फटीला पुट्टी लावायचीच नाही असं ठरवलं. पाव मिलिमीटर जाडीच्या स्टायरिन पत्र्याची अरुंद पट्टी कापून फटीत उभी बसवली आणि बाजूने तामियाचं एक्स्ट्रा थिन सिमेंट अगदी कमी सोडलं. तीन दिवसांनी वर आलेला भाग नव्या पात्याने छाटला. फटीत प्लॅस्टिक भरलं होतं. ते आक्रसत नाही आणि त्यावर रेघही कोरता येते. कॅनॉपीमागची पायरी पुट्टीने न भरता उंच बाजू घासून उतरवली. शेपटीकडचा चांगला जोड होता तसाच ठेवला.

आता पुट्टीला उरलं होतं तिचं खरं काम: पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या केसाएवढ्या रेघा. सांध्याच्या दोन्ही अंगांना अर्धा मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावली, आडव्या खऱ्या रेघांवरही टेपचे बारीक तुकडे. काचेच्या तुकड्यावर मुगाच्या दाण्याएवढी पुट्टी घेतली आणि ब्रशच्या टोकाने एकेक थेंब थिनर मिसळत गेलो. श्रीखंडासारखी घट्ट असते ती इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल झाली की थांबायचं. ब्रश उचलल्यावर थेंब लगेच गळता कामा नये आणि काचेवर ओढलेली रेघ दोन श्वासांत आपली आपण सपाट व्हायला हवी. द्रावक सतत उडत असतो, त्यामुळे पाच मिनिटांनी तीच पुट्टी परत घट्ट होते. पुन्हा एक थेंब, फार तर. दुसऱ्यांदा घट्ट झाली की ती टाकून नवी करतो.

शून्य नंबरच्या ब्रशने एक पातळ हात. टेप पुट्टी ओली असतानाच काढली, वाळल्यावर काढली तर कड उचकटते. काठावर सांडलेलं थिनरमध्ये बुडवून टिपून घेतलेल्या इअरबडने सांध्याला आडवं एकदाच पुसलं. लांबीत पुसलं तर भरलेलं बाहेर येतं. असे तीन दिवसांत तीन हात, आणि मग पाच दिवस विश्रांती. घासायला ८०० नंबरपासून सुरुवात, ४०० ला हातच लावला नाही. कागद खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळून, पाण्याचा थेंब घेऊन. पुढे १०००, मग १५००.

वर्तुळाकार खाच पुन्हा कोरायला डायमोची जाड चिकटपट्टी धडाभोवती गुंडाळली आणि तिच्या कडेने पिन व्हाइसमधली (सुई धरायच्या छोट्या मुठीतली) सुई फिरवली. दाब जवळपास नाहीच, सुईचं वजन पुरे, पण दहा-बारा वेळा. पंखाच्या मुळाशी जो खरा सांधा आहे तिथे ॲक्रिलिक पुट्टी भरून ओल्या इअरबडने पुसून घेतली. घासावं लागलं नाही, आणि जिथे रेघ हवी तिथे हलकी रेघ राहिली.

थिनरबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. टोल्युइनच्या वाफा कापडी मास्कने अडत नाहीत; सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि खिडकी सताड उघडी. आमचं टेबल देवघराच्या भिंतीला लागून आहे, म्हणून समई विझल्याशिवाय मी बाटलीचं झाकण उघडत नाही.

दुसऱ्या वेळचा चंदेरी हात डिसेंबरच्या अखेरीस दिला. तेराव्या दिवशी सकाळी मॉडेल त्याच खिडकीत, त्याच कोनात ठेवलं. पाठ कोरी होती. आता दोन महिने होत आले, रोज पाहतो, कोरीच आहे. मामांनी परवा पुन्हा नख फिरवलं, वर्तुळाकार खाचेत ते अडकलं तेव्हा मान हलवली आणि मॉडेल उलटं केलं.

पोटावरचा सांधा राहिला आहे. एफएलला अंगची तोफ नव्हती. पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पेटारा लावत. मी तोच बसवतोय, त्यामुळे पुढची फट त्याखाली झाकली जाईल. मागच्या २२ मिलिमीटरसाठी पट्टी कापून ठेवली आहे आणि फट उघडी करून मॉडेल परत कपाटात ठेवलं आहे.